इंदुवहिनींच्या चालीचा सिग्नल

यंदाच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, श्री. दत्तात्रय नाईकनवरे आणि सौ. इंदुमती नाईकनवरे दिल्लीच्या मयूर विहारातल्या आपल्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले, समोरच्या बागेत जाण्यासाठी रोजच्या जागी रस्त्याच्या कडेला आले, आणि त्यांना रस्ता ओलांडता आला नाही. सिग्नलचा खांब नाहीसा झाला होता. दुभाजकातली चालणाऱ्यांसाठीची मोकळी जागा लोखंडी कठड्याने बंद केली होती. कठड्याला दिलेला हिरवा रंग अजून ओला होता. आदल्या रात्री मी त्यांच्याकडे मुक्कामाला होते, म्हणून हे सारे मी स्वतः पाहिले.

गौरवलेखाची सुरुवात पहिल्या भेटीपासून करायची असते, असे संपादकांनी मला दोनदा सांगितले. ती मी करणारच आहे. पण ज्यांच्या पंचाहत्तरीसाठी हा अंक निघतो आहे, त्यांचे आयुष्यभराचे काम त्यांच्याच दारासमोरून उपटून नेले असेल, तर ते आधी सांगितले पाहिजे. नाहीतर पुढची स्तुती कशासाठी चालली आहे ते कळणार नाही.

आता पहिली भेट. माझे शिक्षण दिल्लीतल्या नन्सच्या शाळेत झाले. तिथे दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या: ताठ उभे राहणे आणि उद्धट माणसाला स्वच्छ इंग्रजीत झापणे. रस्त्यांची आखणी करणाऱ्या सरकारी खात्यात मी लघुलेखिका म्हणून रुजू व्हायला निघाले होते. मे महिना होता. बसमधून उतरले तर कचेरीसमोर एक गृहस्थ हातात घड्याळ धरून उभे. त्यांच्यासमोर एक बाई दोन हातांत दोन भरलेल्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होत्या. पलीकडे पोहोचल्या की हे ओरडत, "परत या." त्या परत येत. पुन्हा हे म्हणत, "आणखी एकदा." माझ्याच्याने राहवले नाही. मी त्या गृहस्थांना गाठून इंग्रजीत जे ऐकवायचे ते ऐकवले. त्यांनी घड्याळ खाली केले आणि मुकाट ऐकून घेतले. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्या बाईंनी त्यांना मराठीत विचारले, "अहो, काय म्हणतेय ती?"

"नवरा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही म्हणतेय."

"मग थांबवू नका तिला."

मला हसू फुटले. त्या म्हणाल्या, "मराठी आहेस होय? मग मराठीत बोल की, मलाही कळू दे."

थोड्या वेळाने मी साहेबांच्या खोलीत हजर झाले, तर खुर्चीवर तेच गृहस्थ. "बसा साळवेबाई," ते म्हणाले. "राहिलेलं आत्ता सांगता, की जेवण झाल्यावर?"

नाईकनवरेसाहेबांच्या कामाचे मर्म त्या घड्याळात होते. सिग्नल किती वेळ हिरवा ठेवायचा हे ठरवायला पुस्तकात माणसाच्या चालण्याचा एक वेग दिलेला असतो. साहेब म्हणत, "पुस्तकातल्या माणसाला गुडघे नसतात, आणि तो कधी बाजारातून येत नाही." म्हणून त्यांनी आपल्या पत्नीला पिशव्या देऊन चालवले आणि त्यांच्या चालीने सिग्नलच्या दिव्यांची वेळ लावून घेतली. फायलीत आम्ही 'ओझे घेतलेला पादचारी' असे लिहीत असू. तोंडी मात्र माप एकच होते. साहेब नकाशावर बोट ठेवून विचारत, "एवढ्या वेळात तुमच्या वहिनी पोहोचतात का?" कुणी म्हणाले "जवळजवळ", की नकाशा परत. जवळजवळ पोहोचणारा माणूस नेमका कुठे असतो, हे ते त्या इंजिनिअरला रस्त्यावर नेऊन दाखवत.

वहिनींना या मानाचे काडीइतके कौतुक नव्हते. "बाकीच्यांचे नवरे बायकांना आग्र्याला नेतात," त्या म्हणत. "आमचे आयटीओच्या चौकात."

साहेबांचा दुसरा गुण असा, की चालणाऱ्याने तक्रार केली की ते तिच्यावर विश्वास ठेवत. हे वाटते तितके सोपे नाही. कचेरीजवळच्या भुयारी मार्गातून मी संध्याकाळी जात नसे, वरून गाड्यांमधून वाट काढत असे. एका वरिष्ठांनी भर बैठकीत विनोद केला, "मॅडम कॉन्व्हेंट की हैं, अंधेरे से डरती हैं." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते माझ्याबरोबर त्या भुयारात उतरले. दिवे फुटलेले, वळणावर तीन टवाळ बसलेले, वास असा की पदर नाकाला लावावा लागला. वर आल्यावर ते एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही रोज जिवावर उदार होऊन गाड्यांतून जाता, ते यापेक्षा बरं म्हणून. मला आधी कळायला हवं होतं." नव्या भुयाराचा एक प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो परत पाठवला आणि त्या जागी वरच्या वर सिग्नल मागितला. तो मिळाला. मला कुणी पुरावा मागितला नाही, आणि नोकरीच्या साऱ्या वर्षांत असे पुन्हा फारसे घडले नाही.

चालणाऱ्यांसाठीच्या उंच पुलांबद्दल त्यांचे मत तर सगळ्या खात्याला पाठ होते. "चढ द्यायचाच असेल तर ज्याच्याकडे इंजिन आहे त्याला द्या." लोकांना हा विनोद वाटे. साहेब विनोद करत नसत.

याच काळात आमच्याकडे सुधीर वाघमारे आले. आज ते फार मोठे अधिकारी आहेत, तरी मी त्यांना सुधीरच म्हणणार, कारण त्यांची पहिली टिपणे मी तपासली आहेत. लातूरकडच्या खेड्यातला हा मुलगा कलेक्टर व्हायला दिल्लीत आला होता. ते जमले नाही, इंजिनिअरची परीक्षा जमली. एका खोलीत चौघे राहत, जेवणाचे हाल होते. साहेबांनी त्याला दर रविवारी जेवायला बोलावले आणि संकोच वाटू नये म्हणून हातात घड्याळ दिले. वहिनी चालायच्या, सुधीर वेळ मोजायचा, आणि मग पिशव्या उचलून घरी आणायचा. वहिनी त्याला दटावत, "आधी घड्याळ खिशात ठेव, मग पिशवी घे. कोथिंबीर चिरडलीस तर आमटी नाही."

द्वारका वसत होती तेव्हाची एक सकाळ मला फार आठवते. रस्ते आखलेले, माणसे तुरळक, वारा सुटला की सगळीकडे धूळ. रस्ता इतका रुंद की पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नव्हता. वहिनी मध्यापर्यंत गेल्या आणि दुभाजकाच्या कडेवर बसल्या. साहेबांनी हाक मारली तर म्हणाल्या, "येत नाही. इथंच संसार मांडते. सुधीर, स्टोव्ह आण रे." आम्ही हसलो. सुधीर हसला नाही, तो कागद काढून तिथेच रेघा मारायला लागला. दुभाजकाच्या मधोमध थांबायला ऐसपैस जागा, धरायला दांडी, गाड्यांच्या बाजूला आडोसा. खात्यात आलेला त्याचा तो पहिला स्वतःचा नकाशा. साहेबांनी तो सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "हा मुलगा बघतो." त्या जागेला पुढे आम्ही वहिनींचा कट्टा म्हणू लागलो. किती ठिकाणी असे कट्टे झाले! मयूर विहारात साहेबांच्या दारासमोर झाला तो सुधीरनेच काढलेला.

साहेब निवृत्त झाले, मग मी झाले. काही वर्षांपूर्वी वहिनींना अर्धांगाचा झटका आला. त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. दारासमोरचा दिवा त्यांच्या जुन्या चालीचा होता, आता तो पुरेना. साहेबांनी रीतसर अर्ज केला, आणि सुधीर मोठ्या हुद्द्यावर असूनही सुट्टीच्या दिवशी घड्याळ घेऊन स्वतः आला. वहिनी म्हणाल्या, "अजून तेच घड्याळ? खातं नवीन घेऊन देत नाही का?" त्याने नवी वेळ लावून दिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. या माणसाला कळत नाही असे कुणी म्हणू नये.

त्यानंतर ते दोघे रोज सकाळी निघत. वहिनी वॉकर पुढे टाकत, साहेब अर्धे पाऊल मागे. कट्ट्यावर थांबून दम खात, बागेतल्या बाकावर ऊन घेत, आठाला परत. कधी मागच्या गाड्या हॉर्न देत. एकदा एकाने काच खाली करून सुनावले, "अंकल, आंटी को पार्क में घुमाओ ना." साहेबांनी त्याला नमस्कार केला. "पार्क ही जा रहे हैं बेटा. बीच में आप आ गए."

आणि मग तो मंगळवार. कठड्यापाशी रंगाचा डबा घेऊन एक कामगार बसला होता. त्याने सौजन्याने दूरच्या नव्या पुलाकडे हात केला. "माताजी, अब ऊपर से जाना है."

वहिनी म्हणाल्या, "ऊपर तो जाना ही है भैया, पर इतनी जल्दी क्या है."

आम्ही पुलापर्यंत गेलो. जिना उंच, लिफ्टला कुलूप. चावी कुणाकडे ते तिथे कुणालाच माहीत नव्हते. घरी परतल्यावर चहा घेताना मी सुधीरचे नाव काढले, तेव्हा साहेब म्हणाले, "त्याच्यावरही कुणाचा तरी दबाव असेल, साळवेबाई." हा त्यांचा मोठेपणा. माझ्याजवळ तो नाही. रस्ता आता सिग्नलमुक्त झाला आहे आणि गाड्यांचा वेळ वाचतो. माझा मुलगा गाझियाबादला घरी पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतो आणि तो वाचलेला वेळ मोबाईल बघण्यात घालवतो. वहिनी त्या दिवसापासून बागेत गेलेल्या नाहीत. घरातल्या घरात, पलंगापासून गॅलरीपर्यंत चालतात. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा उठून बसायलाही त्यांना हात द्यावा लागला.

ज्या आदेशाने हे झाले त्यावर सुधीर वाघमारे यांची सही आहे. आणि याच अंकात त्यांचाही लेख आहे. संपादकांनी मला तो वाचायला दिला. लेख चांगला आहे. रविवारची आमटी आहे, पिशव्या आहेत, द्वारकेची धूळ आहे, 'वहिनींच्या पावलांनी मला रस्ता शिकवला' असे वाक्यही आहे. वाचताना माझेही डोळे भरून आले, आणि त्याचा मला अधिकच राग आला. समारंभात साहेबांना शाल तेच घालणार आहेत.

समारंभ हा अंक काढणाऱ्या मंडळाच्या सभागृहात आहे. सभागृह बागेला लागून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. कार्यकर्त्यांनी गाडी पाठवायचे ठरवले, तेव्हा साहेबांनी विचारले, "दारातून दिसतं त्या सभागृहात जायला गाडी?" गाडीला वळण घेण्यासाठी केवढे लांब जावे लागते तेही त्यांनीच समजावून सांगितले, कारण ते वळण त्यांना पाठ आहे. मग म्हणाले, "आम्ही दोघं चालत येऊ. नाही जमलं, तर आमचा घरूनच नमस्कार समजा." कार्यकर्त्यांना हा हट्ट वाटतो. चाळीस वर्षे माणूस ज्या गोष्टीसाठी उभा राहिला, ती त्याने सत्काराच्या दिवशी सोडून द्यावी, असे त्यांना का वाटते ते मला कळत नाही.

म्हणून या लेखाची एक प्रत मी सुधीरना आजच पाठवत आहे आणि त्यांना एवढेच विचारत आहे: सही करण्यापूर्वी तुम्ही घड्याळ घेऊन तिथे उभे राहिला होता का? राहिला असाल तर वहिनी पलीकडे कशा पोहोचाव्यात असे ठरवले, ते कळवा. राहिला नसाल तर समारंभाआधी कठडा काढून कट्टा आणि दिवा पूर्ववत करणार की नाही, ते कळवा. उत्तर लेखी हवे. अंक छापखान्यात जाण्याच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते संपादकांच्या हाती पडले पाहिजे. फोन नको. फोनवर तू फार गोड बोलतोस, सुधीर.

नाईकनवरेसाहेबांना शंभर वर्षे मिळोत, आणि ती घरात बसून काढायची वेळ त्यांच्यावर न येवो. इंदुवहिनींच्या पायांत बळ येवो, आणि येईल तितक्या बळाने त्यांना पलीकडे पोहोचता येवो. रोज सकाळी, वॉकर पुढे आणि साहेब अर्धे पाऊल मागे, आणि गाड्यांनी थांबावे.

हा अंक समारंभातच तुमच्या हाती पडेल, आणि या लेखानंतरचे पान मोकळे ठेवण्याचे संपादकांनी कबूल केले आहे. उत्तर आले तर ते तिथे जसेच्या तसे छापलेले असेल. पान उलटून तुम्हाला कोरा कागद दिसला, तर कृपया एकदा व्यासपीठाकडे पाहा. तिथे शाल हातात घेऊन कोण उभे आहे आणि कोणत्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, ते तुम्हाला दिसेलच.

— ग्रेस साळवे