टेलपर्यंत पोचलेला मटार

माझे सासरे, आमचे आबा, जन्मभर कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे कोणाच्या उसाला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात, निदान कागदावर तरी. माझं माहेर इंदापूरकडचं, त्याच कालव्याच्या शेवटच्या फाट्यावर. टेलला. पाणी तिथवर पोचायच्या आत वरचेच उपसून घ्यायचे. त्यामुळे सोयरीक जुळताना माझ्या वडलांनी मानपानावरून घासाघीस केली नाही. पाटकऱ्याच्या घरात मुलगी दिली की पाणी आपोआप येईल, एवढीच आशा. लग्न थाटात लागलं. पाणी काही आलं नाही.

आबा रिटायर झाले त्या वर्षी माझ्या नवऱ्याने पुण्याहून माशांची काचेची पेटी आणली. नव्वदनंतरच्या त्या दिवसांत बारामतीत ज्याच्याकडे रंगीत टीव्ही आला, त्याला टीव्हीच्या बाजूला मासेही लागायचे. पेटीत चार पट्टेरी मासे होते, पट्टे वाघाचे आणि स्वभावही तोच. काही बारके गप्पी होते. आणि तळाशी एक मिशांचा भुरका मासा, जो दिवसभर दगडाआड बसायचा. वरून खाणं टाकलं की पट्टेवाले कणभरही खाली जाऊ द्यायचे नाहीत. महिन्याभरात मिशीवाल्याचं पोट खपाटीला गेलं.

मी एकदा सहज बोलून गेले, “आबा, हा आमच्या गावचा दिसतोय.”

बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी खाण्याचा डबा आबांनी आपल्या ताब्यात घेतला.

कालव्याचा नियम असा की पाणी आधी टेलला द्यायचं, मग खालून वर येत हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी. नियम उत्तम आहे, फक्त तो पाळणारा माणूस मी पाहिलेला नाही. आबांनी तो पेटीत लागू केला. बरोब्बर मिशीवाल्याच्या दगडावर चिमूट सोडली, तर पट्टेवाले चिमटीच्या आधी हजर. कालव्यावर पाणी चोरायला निदान मोटर बसवावी लागते, इथं नुसतं तोंड पुरत होतं. मग आबांनी जुन्या खिडकीची काच मध्ये उभी केली, गेट म्हणून. पट्टेवाले कडेच्या फटीतून आरामात पलीकडे गेले. तेव्हा मात्र आबांचा पारा चढला. त्यांनी पट्टेवाल्यांचं पाणी बंद केलं, म्हणजे दोन दिवस पेटीत कोणालाच खाणं नाही. तिसऱ्या दिवशी भुकेल्या पट्टेवाल्यांनी मिशीवाल्याची शेपटी कुरतडली.

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. नोकरीत एवढा जीव लावला असता तर साहेब झाले असते, असं सासूबाई स्वयंपाकघरातून सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणाल्या. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. माझ्या एका वाक्यापायी म्हातारा माणूस उपाशी बसला होता.

तोडगा शेवटी त्यांनाच सुचला, आणि तो त्यांच्या सगळ्या नियमांच्या उलटा होता. काटेवाडीच्या एका ओळखीच्या मळ्यातून त्यांनी ठिबकच्या नळीचा हातभर तुकडा आणला. सासूबाईंकडून चार मटार उकडून घेतले.

“सूनबाई, तू हेडला उभी ऱ्हा,” ते म्हणाले. “हात आखडू नको. हावऱ्यांचं त्वांड भरल्याबिगर टेलला काय जात न्हाय.”

मी एका कोपऱ्यात मूठभर खाणं पसरलं. पट्टेवाले तुटून पडले. त्याच क्षणी आबांनी दुसऱ्या टोकाला नळी दगडापर्यंत नेली आणि चुरलेला मटार आत सोडला. मिशीवाल्याने आधी विश्वासच ठेवला नाही. मग मिशा हलल्या, तोंड हललं, आणि मटार संपला. आबांनी घड्याळात वेळ बघितली. सवय.

“तुज्या वडलांना कळीव,” ते म्हणाले. “टेलला पोचलं म्हनावं.”

मी खरंच कार्ड टाकलं. आठवड्याने वडलांचं उत्तर आलं. ते लपवायचा माझा विचार होता, पण आबा समोरच बसले होते आणि वाचून दाखव म्हणाले. मी वाचलं: “व्याह्यांचं अभिनंदन. मासा व्हायला काय काय करावं लागतं, तेवढं विचारून कळव.”

आबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा काढून पुसत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“चार वर्सं त्यांच्या फाट्याला हुतो मी,” ते म्हणाले. “एकदाबी न्हाय पोचवलं.”

तेवढ्यात साडेपाच झाले, माशांची वेळ. आबा उठले, त्यांनी नळी घेतली आणि मी हेडला जाऊन उभी राहिले.