शेवटी कोर्टावर तिघी

आमच्या कॉलेजात मुलींची बास्केटबॉलची टीम तीन वर्षं होती. त्याआधी नव्हती, नंतर कधी झाली नाही. मी ती तीनही वर्षं खेळले, त्यामुळे तिचा इतिहास म्हणायचा तर तो माझ्याकडेच आहे. गेल्या वर्षापर्यंत तो मॅडमकडेही होता.

कॉलेज उल्हासनगरातलं. मागच्या बाजूला सिमेंटचं कोर्ट, त्याच्या पलीकडे नाला. नाल्याचं पाणी कधी लाल असायचं, कधी निळं, आणि वास तर कायमच. सवय झाल्यावर तो येईनासा व्हायचा. बाहेरच्या टीम आल्या की त्या नाकाला रुमाल लावायच्या, तेव्हा आम्हाला आठवायचं. कोर्ट मुलांचं होतं. ते गेल्यावर आमचं.

मॅडम खेळ शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी कायम नाही, दरवर्षी नव्याने नेमणूक होणार किंवा होणार नाही. बदलापूरला आई आणि भावाजवळ राहायच्या, लग्न केलं नव्हतं. ठेंगण्या, आवाज मात्र असा की जिमखान्यातून ओरडल्या तर कॅन्टीनमधला वडे तळणारा दचकायचा. मुलींची टीम करायची हे त्यांच्याच डोक्यातून निघालं. प्रिन्सिपॉलसर म्हणाले, "करा, पण मुली मिळतील का?" तेव्हा मॅडम बॉल काखेत घेऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर "धर!" म्हणून फेकू लागल्या. बहुतेक किंचाळून बाजूला झाल्या. मी धरला.

"कुठली गं तू?"

"पालेगावची."

"उद्या सकाळी कोर्टावर ये, पालेगाव."

त्यांना नावं लक्षात राहत नसत. मग आम्ही गावांवरूनच ओळखल्या जाऊ लागलो. मी पालेगाव. एक खरवई. एक उल्हासनगरच्याच चार नंबर कॅम्पातली सिंधी मुलगी, वडिलांचं कापडाचं दुकान असलेली, ती कॅम्प. पुढे तीच कॅप्टन झाली. ती आमच्याशी अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची आणि रागावली की शुद्ध सिंधी.

घरी बाबांना मुळीच पसंत नव्हतं. "त्या चड्ड्या घालून चार लोकांम्होरं उड्या मारायच्या? काय मिलनार हाय त्यातून?" मॅडम एका रविवारी सरळ घरी आल्या. ओटीवर बसल्या, आईने केलेली सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली, आणि खेळाबद्दल चकार शब्द न काढता बाबांशी भाताबद्दल, शेजारी उठणाऱ्या नव्या बिल्डिंगींबद्दल बोलत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "मग दादा, येऊ दे ना हिला?" बाबा म्हणाले, "खेलू द्या. पन उजेड हाय तवर घरी." एवढ्यावर माझं तीन वर्षांचं काम झालं.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या मॅच हरलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उंची नव्हती आमच्यात. बॉल बोर्डावर आपटून खाली यायचा तो नेहमी दुसऱ्यांच्या हातात.

दुसऱ्या वर्षी वांगणी आली. वांगणी स्टेशनपासून आत, डोंगराच्या पोटाशी तिची वाडी. तिच्या घरातली कॉलेजात येणारी ती पहिलीच. वर्गातल्या सगळ्या मुलांपेक्षा उंच, आणि त्याची तिला इतकी लाज की खांदे पाडून, मान खाली घालून भिंतीच्या कडेने चालायची. मॅडमने तिला पाहिलं आणि व्हरांड्यातच गाठलं. "सरळ उभी राहा. देवाने दिलेली उंची आहे, चोरून नाही आणलेली."

ती शिकली हळूहळू. तिला बॉलची भीती नव्हती, तिला दुसऱ्याला लागेल याची भीती होती. उडी मारून बॉल ओढून घ्यायची आणि खाली आली की बाजूच्या मुलीला विचारायची, "लागलं का?" तेवढ्यात कोणीतरी बॉल काढून न्यायचं. मॅडम बाहेरून ओरडायच्या, "आधी बास्केट कर, विचारपूस मग!" आम्ही हसून लोळायचो. पण दिवाळीपर्यंत तिच्यात काहीतरी बदललं. कोर्टावर उतरली की तिचे खांदे आपोआप सरळ व्हायचे. रिंगखाली ती उभी असली की आम्ही न बघता बॉल वर टाकायचो. तिचा हात तिथे असायचाच.

त्या वर्षी आम्ही जिंकत गेलो. आधी आसपासची कॉलेजं, मग ठाण्याकडची. कॉलेजच्या फळ्यावर रंगीत खडूने आमचं नाव लिहिलं गेलं. मुलं कोर्ट वेळेआधी सोडू लागली. कॅम्पच्या वडिलांनी सगळ्यांना पिवळ्या जर्सी शिवून दिल्या. बाबा एका मॅचला आले, शेवटपर्यंत उभे राहिले आणि घरी आल्यावर आईला फक्त इतकंच म्हणाले, "ती वांगणीची पोर काय उडते गं."

फायनल मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजात होती, हॉलमध्ये, लाकडी कोर्टावर. आम्ही लाकडावर कधी खेळलो नव्हतो. बॉल आमच्या अंदाजापेक्षा वर उसळत होता, बूट कुईकुई वाजत होते. तरी मध्यंतराला आम्ही पुढे होतो. मॅडम एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत गेल्या.

मध्यंतरानंतर थोड्या वेळाने वांगणीने उडी मारून बोर्डावरून परत आलेला बॉल, एक रिबाउंड, घेतला. खाली येताना तिचा पाय समोरच्या टीमच्या उंच मुलीच्या बुटावर पडला. गुडघा आत वळला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला, तो मी जवळ होते म्हणून मला ऐकू आला. ती खाली पडली, चेहरा पांढरा पडलेला, आणि त्या दुसऱ्या मुलीकडे बघून म्हणाली, "लागलं का?"

आम्ही हरलो. दुसऱ्या नंबरचा कप मिळाला. परतताना तो मॅडमच्या मांडीवर होता, वांगणीचा पाय माझ्या मांडीवर.

डॉक्टर म्हणाले, आतला लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन लागेल, मग सहा-आठ महिने व्यायाम. ऑपरेशनच्या पैशांसाठी मॅडम कॉलेजात खेटे घालू लागल्या. ऑफिसात ऐकायला मिळालं, बघतो, वर विचारतो. ते विचारणं संपलं नाही. इकडे घरच्यांनी तिला बदलापूरच्या बाजूच्या एका हाडवैद्याकडे नेलं. त्याने तेल चोळून पट्टे बांधले. सूज उतरली. पाय टेकायला लागली. मग वाडीत सगळे म्हणाले, चालते ना, झालं मग.

ती कॉलेजात आली नाही. परीक्षा जवळ आली तेव्हा मॅडम मला घेऊन वाडीवर गेल्या. शेवटचा चढ पायवाटेचा. ती अंगणात भांडी घासत होती, तो पाय लांब पसरून. तिच्या आईने कोरा चहा दिला. मॅडम म्हणाल्या, "खेळाचं सोड आता. परीक्षेला तरी ये. वर्ष वाया नको घालवू."

ती भांडं घासत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, कॉलेजात मला खेळते म्हणूनच ओळखायचे ना? आता नुसती येऊन काय करू? पुन्हा भिंतीकडेनं चालू?"

मॅडम चहाचा कप खाली ठेवून उठल्या. उतरताना त्या एकदा थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मीच हिला त्या भिंतीपासून ओढून काढलं गं." उन्हाळ्यात वांगणीचं लग्न झाल्याचं कळलं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी कॉलेजला नवीन बिल्डिंग हवी होती, आणि मोकळी जागा एकच होती. आधी कोर्टाच्या अर्ध्या भागावर खडीचे ढीग पडले. आम्ही उरलेल्या अर्ध्यात खेळलो. मग खांब उभे राहिले आणि एके सकाळी आमचा बोर्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला. मॅडमने अंबरनाथला एका मैदानाची परवानगी काढली. तिथे रिंग होती, जाळी नव्हती, आणि क्रिकेटवाले आले की आम्हाला उठावं लागायचं. नवीन मुली चार दिवस यायच्या आणि गळायच्या. मग ऐन सीझनमध्ये मॅडमची नेमणूकच थांबली. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. त्या एक दिवस नेहमीसारख्या शिट्टी गळ्यात अडकवून आल्या, ऑफिसात गेल्या आणि शिट्टी हातात घेऊन बाहेर पडल्या.

"स्पर्धेला टीमचं नाव दिलेलं आहे," त्या आम्हाला म्हणाल्या. "जा तुम्ही. मी नाही येऊ शकत. कॉलेजचं आयकार्ड नाही आता माझ्याकडे."

मॅचच्या दिवशी आम्ही बरोबर पाच जणी उरलो होतो, बदली म्हणून बसायला कोणी नाही. कॅम्पचा साखरपुडा झाला होता, सासरच्यांना शॉर्ट्स चालणार नव्हत्या, म्हणून ती ट्रॅकपँट घालून आली. समोर कल्याणच्या बाजूची टीम, बाकावर त्यांच्या सात-आठ मुली बसलेल्या. आमच्या बाकावर फक्त पाण्याच्या बाटल्या.

पहिल्या अर्ध्यात आम्ही तग धरून होतो. मग आमच्यातल्या एकीचे पाच फाउल झाले, ती बाहेर. चौघी उरलो. थोड्याच वेळात खरवईचा घोटा मुरगळला, तिला उचलून बाकावर नेलं. रेफ्री शिट्टी तोंडातून काढून कॅम्पजवळ आले. "तिघीच आहात. सोडता का मॅच?"

कॅम्पने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नहीं सर. खेलेंगे."

तिघी पाच जणींसमोर काय खेळणार. आम्ही नुसत्या धावत होतो. पण खरं वाईट वेगळंच झालं. थोड्या वेळाने समोरच्या मुली हळू झाल्या. बॉल घेऊन उगाच आपापसात फिरवू लागल्या, रिंगखाली मोकळ्या असूनही टाकेनात. त्यांच्या कोचने बाहेरून हाताने खूण केली होती, सावकाश. त्यांना आमची दया आली होती. प्रेक्षकांतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, लहान मुलांच्या शर्यतीत शेवटच्याला वाजवतात तशा.

कॅम्प कोर्टाच्या मध्ये थांबली. घामाने केस कपाळाला चिकटलेले. "ऐसे मत खेलो!" ती ओरडली. "हमको हराना है ना? तो ठीक से हराओ! हम लोग फायनल खेले हैं!"

समोरच्या कॅप्टनने आधी आपल्या कोचकडे पाहिलं, मग कॅम्पकडे, आणि मान हलवली. त्यानंतर त्या पूर्ण ताकदीने खेळल्या. आम्हाला अक्षरशः धुतलं. शिट्टी झाली तेव्हा मी गुडघ्यांवर हात टेकून उभी होते आणि कॅम्प रडत होती. त्यांच्या कॅप्टनने येऊन तिला मिठी मारली. आमच्या टीमचा इतिहास तिथे संपला. पुढच्या वर्षी कॉलेजने मुलींचं नाव दिलंच नाही. नवे क्रीडाशिक्षक आले, ते कॅरमचे होते.

मी आता अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या डिस्पॅचला आहे. कॅम्प सासरचं दुकान सांभाळते. मॅडमची गाठ कधीतरी बदलापूर स्टेशनबाहेर पडायची. त्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. खेळाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही. गेल्या वर्षी कॅम्पचा फोन आला, "मॅडम गईं." पोटाचा आजार होता, आम्हाला पत्ताच नव्हता.

स्मशानात आम्ही दोघीच त्यांच्या टीमच्या मुली. त्यांचे भाऊ लोकांना सांगत होते, "ताई आधी एका कॉलेजात होती कुठेतरी." कॅम्पने माझा हात दाबला. तिथे उभं राहून टीमबद्दल सांगायला हवं होतं की काय, कोण जाणे. जाळ पेटला तसे लोक मागे सरले, आम्हीही सरलो.

पुढच्या रविवारी मी वांगणीच्या वाडीवर गेले. तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. विचारत विचारत कळलं की ती नवऱ्याबरोबर मुंबईकरांच्या एका फार्महाऊसवर राखण करते. ती पाइपने लॉनला पाणी घालत होती. मला लगेच ओळखलं. पायऱ्या उतरताना आधी एक पाय ठेवायची, मग दुसरा त्याच्याशेजारी.

मी सांगितलं. तिने नळ बंद केला आणि पायरीवर बसली.

"शेवटी काय म्हणत होत्या माझ्याबद्दल? रागात होत्या का?"

"नाही गं. तुझ्यावर नाही."

मग तिने टीमबद्दल विचारलं. तिच्यानंतर काय झालं तिला काहीच माहीत नव्हतं. मी खडीबद्दल सांगितलं, मॅडम शिट्टी हातात घेऊन बाहेर पडल्या ते सांगितलं, आम्ही तिघी उरलो ते आणि कॅम्प ओरडली तेही. तिने लॉनकडे बघत ऐकून घेतलं.

"कुणीतरी निरोप द्यायचा होता," ती म्हणाली. "आले असते मी. पळवलं नसतं माझ्यानं. पण रिंगखाली नुसती उभी राहिले असते."

तेवढ्यात फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला, मालक आले होते. ती भिंतीला धरून उठली, पदर खोचला आणि फाटक उघडायला गेली. मालकाने गाडीतूनच विचारलं, "कोण आलंय?" ती म्हणाली, "कॉलेजातली आहे माझ्या." "कॉलेजात?" त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी आत घेतली.