चंद्रीचा ऑनलाइन सौदा

हैबतीकाकांची म्हैस मी विकली, तेव्हा काका तिलाच घेऊन रानात गेले होते. किकवीच्या मानसिंगनं मोबाईलवर पंच्याऐंशी हजार म्हटलं आणि मी हुरळून ‘ठीक आहे, घेऊन जा’ असं पाठवून टाकलं. वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच. एवढी हुशारी तर दाखवायलाच हवी होती.

जाहिरातही मीच टाकलेली, काकांच्या नावानं. काकांची बायको आक्काबाईकाकू वारल्या तसा त्यांचा मुलगा गोरख पुण्याहून मागं लागला होता, की म्हैस विकून टाका आणि इकडं या. ही म्हैस, चंद्री, पान्हा सोडायची ती फक्त काकूंना. मग काका काकूंचं हिरवं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसू लागले. आम्ही पोरं विचारायचो, “काय सूनबाई, आज किती लिटर?”

जाहिरातीत काकांनी दीड लाख लिहायला लावले.

“काका, एवढ्यात दोन म्हशी येतील.”

“तू लिही की. तुजं काय जातंय?”

मग रोज संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर. कुणी लिही, ‘लास्ट बोला’. कुणी चाळीस हजारांवर अडून बसे. एकानं तर बदल्यात जुनी मोटारसायकल देऊ केली.

“इचार त्याला, गाडी दूध किती देती?”

मी तसंच लिहिलं. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गोरखचा फोन आला की ठसक्यात सांगत, “बोलणी चालल्यात.” मला वाटायचं, म्हाताऱ्याला भाव कळत नाही.

सौदा झाल्याचं सांगितलं, तर काका गोठ्याच्या दारातच बसले.

“आरं, इकायची कुणाला व्हती?”

“नाही म्हणून कळवतो काका. मोबाईलवर कोण शब्द पाळतंय?”

“माज्या नावानं व्हय म्हणलास न्हवं?”

“पण म्हटलं मी.”

“नाव कुणाचं व्हतं?”

जनावरांच्या बाजारात काका एकदा व्हय म्हणाले, की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघतही नसत.

मानसिंग टेम्पो घेऊन आला. विकणाऱ्यानं दावं द्यायचं नसतं, त्या रीतीप्रमाणे काकांनी चंद्रीचं दावं सोडवून घरात ठेवलं आणि येताना लुगडं घेऊन आले.

“पावनं, धार काढताना ह्ये अंगाव घ्या. तिला तुमची सवय लागली की माघारी धाडा. गोरखच्या आयचं येवढं येकच ठिवलंय म्या.”

“आठवड्यात आणून देतो, आबा.”

टेम्पो वळणाआड गेला, तरी काका दावं बांधायच्या खुंट्याजवळच उभे.

पुण्याला ते काही गेले नाहीत. संध्याकाळी अजून ओट्यावर येतात. दोन महिने झाल्यावर एकदा म्हणाले, “इचार तरी, लुगड्याचं काय.”

मी विचारलं. उत्तर आलं, ‘अजून त्याशिवाय दूध देत नाही.’

काकांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

“घाई न्हाई म्हणून लिही,” ते म्हणाले.

मी लिहिलं. लुगडं अजून किकवीतच आहे.