खोड सांगतली नाही

हे म्या कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, भावाले नाही, देवाले तर बिलकुल नाही — त्याच्यापुढं हात जोडतो तवाही दुसरंच काहीतरी बोलतो. तुमी बसलेच आहा जवळ, तर ऐका. पण मधात "जाऊ द्या, होते असं" म्हणू नका. तसं म्हणणारे लय भेटतात, अन् मले राग येते.

माहे वडील बैलबाजारात मधस्थी करत. विकणारा इकडं, घेणारा तिकडं, मधात हे. तिथला एक कायदा होता, कुठं लिहिलेला नाही पण सारे पाळत — कासरा हातात द्यायच्या आंधी खोड सांगायची. बैल मारका हाय, जू ठेवलं की बसते, जे असन ते, दोघांच्या देखत, मोठ्यानं. भाव उतरला तर उतरू द्या. एकदा कासरा दिला की मंग तक्रार नाही. वडील खोड सांगत तवा विकणाऱ्याच्या तोंडाकडं पाहतच नसत.

मी बैलं सोडून गाड्यांत आलो. अमरावतीत माहं गॅरेज. पण तो कायदा लोकायनं माह्या मांगं तिथंही आणला. जुनी गाडी घ्यायची असली की बोलावणं येते — भाऊ, खोड सांगा अन् भाव सांगा. मी म्हणीन तो भाव दोघंही मानतात, घासाघीस नाही. याचा मले लय गर्व होता. होता म्हणतो, पण आजही हाय. हीच तर घाण हाय माह्यातली.

अचलपूरचे राजाभाऊ, संत्र्याच्या बगीच्यावाले, माहे जुने दोस्त. त्यायच्यापाशी एक विलायती स्पोर्ट गाडी होती. दोन माणसाची, बसकी, कापडी टपाची, माह्या जन्माआंधीची. इंजिन कवाचंच मेलेलं. म्या तिच्यात आजच्या गाडीचं इंजिन बसवलं, ब्रेक बदलवले. दोन हिवाळे गेले त्यात. नवं इंजिन जड, म्हणून पुढच्या चौकटीले लोखंडी पट्ट्या लावून वेल्डिंग केली. गाडी सुरू झाली तवा राजाभाऊनं मले हार घातला. हसू नका — खरंच घातला, झेंडूचा.

मंग राजाभाऊच्या नजरेनं दगा दिला अन् गाडी काढायची ठरली. घेणारा आला प्रवीण गवई, अकोल्याच्या जुन्या शहरातला, बँकेत नोकरीले. एकदम सरळ माणूस. वडिलायनं जन्मभर सायकल चालवली, अन् याले लहानपणापासून अशीच गाडी पाह्यजे होती. संगं लहान पोरगी अन् बायको होती, सरिता. लाल रंग पाह्यला अन् म्हणे, हीच घ्या.

पण भाव काय? कोणालेच समजे ना. अशी गाडी अस्सल असली तर शौकीन माणूस तोंडाले येईन तो भाव देते. इंजिन बदललं की तोच पाठ फिरवते. तिच्या जोडीची दुसरी नाही की तिच्याशी ताडून पाहावं. मंग भाव ठरते एकाच गोष्टीवर — काम कोणाच्या हातचं? अन् काम तर माह्या हातचं. राजाभाऊ म्हणे, ज्यानं केली त्यालेच विचारा. प्रवीणलेही पटलं. मलेही पटलं. काहून पटलं? आपल्या पोराचा पेपर आपणच तपासते का कोणी?

मी हातातली बॅटरी पेटवून गाडीखाली सरकलो. डाव्या चाकाच्या मांगं, माह्याच वेल्डिंगच्या कडेले — केसावानी तड. नख फिरवलं. नख अडकलं.

सारं समजलं मले. पट्टी पातळ पडली होती, इंजिनाचा भार तिले झेपला नव्हता. इलाजही होता. इंजिन उतरवा, चौकट नव्यानं बांधा. भाव निम्म्यावर आला असता — येऊ दे ना, पैसा कुठं माहा होता? पण बाहेर मले उस्ताद म्हणणारे गावातले मेकॅनिक उभे होते. खाली पडल्या पडल्या मले त्यायचे जोडे दिसत होते. त्यायच्यापुढं निघून म्हणू का, माहं काम फुटलं? म्या ग्रीसचा डबा मागतला. तडीवर ग्रीस चोपडलं, बाहेर आलो अन् हात पुसले.

प्रवीणनं रीतीनं विचारलं, "भाऊ, खोड?"

"काही नाही. डोळे मिटून घ्या."

अन् भाव सांगतला, पुरा. राजाभाऊच दचकले. प्रवीण म्हणे, भाऊनं सांगतलं म्हणजे बरोबरच असन.

मनात होतं, आठ-पंधरा दिवसात सर्व्हिसिंगच्या नावानं गाडी बोलावीन अन् गुपचूप नीट करून देईन. फोन हातात घेतला की वाटे, काय सांगू? ठेवून देऊ. असं करता करता दिवाळी गेली.

एक दिवस प्रवीण अन् सरिता, दोघंच, अकोटावरून घरी येऊन राह्यले होते. रस्त्यातच डावं चाक आत बसलं, गाडी निंबाच्या झाडावर गेली. सरिता जागीच गेली. प्रवीण वाचला.

मोडलेली गाडी पाहाले त्याच्या मेव्हण्यानं मलेच बोलावलं — दुसऱ्या कोणाले बोलावतीन? चौकट तडीवरच फाटली होती. ग्रीस तसंच होतं, माह्या बोटाच्या रेघांसकट. म्या म्हटलं, धडकेनं तुटली. त्या दिवशी त्यायच्या मांगून येणारा एक ऑटोवाला तिथं होता. तो म्हणे, गाडी तर सावकाश चालली होती. ते म्या ऐकून घेतलं.

सरिताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अकोल्याले गेलो. पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती, वंदना चालू होती. ती संपल्यावर प्रवीणनं मले बाजूले नेलं. हात प्लास्टरमंदी.

"भाऊ, माहीच चूक ना? जोरात चालवली काय म्या?"

ऑटोवाल्याचं बोलणं माह्या कानात होतं. अजूनही वेळ होती. एका शब्दाचं तर काम होतं.

"थोडी जोरातच असन," म्या म्हटलं. "अशी गाडी जपून चालवा लागते."

त्यानं मान हलवली. भाव मानला होता तसंच हेही मानलं.

आता तो गाडीले हात लावत नाही, बँकेत पायी जाते. त्याची पोरगी मोठी झाली. बापाशी कामापुरतं बोलते, कारण मायले बापानं मारलं असं तिले वाटते. वाटते काय — त्यानंच तिले सांगतलं, म्या जोरात चालवली म्हणून. अन् कोणाले जुनी गाडी घ्यायची असली की तो अजूनही माह्याकडं धाडते. म्हणते, भाऊ खोड लपवत नाहीत.

तर सांगतो, मोठ्यानं. डाव्या चाकामांगची वेल्डिंग तडकलेली होती. वेल्डिंग माही होती. मले माहीत होतं. अन् प्रवीण गाडी सावकाश चालवत होता.