नळवाल्या मॅडम

माझी धाकटी जाऊ मुलींच्या एका मोठ्या वसतिगृहात नऊ वर्षं नेट सांभाळते. साडेतीनशे मुली आणि बाहेरून येणारी लाइन एकच. किती वाजता कुठल्या मजल्याला किती सोडायचं हे ती ठरवते, म्हणून मुलींनी तिचं नाव ठेवलंय नळवाल्या मॅडम. तोंडावर म्हणत नाहीत, पण तिला माहीत आहे.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एकदा भाजी निवडता निवडता तिने मला समजावलं. "ताई, एका खोलीत चाळीस बायका एकदम बोलायला लागल्या तर कुणाचं काही ऐकू येईल का? वायफायचं तसंच आहे. हवा एकच, बोलणारे फोन शंभर. मी नुसती सांगत बसते, तू आता बोल, तू जरा थांब."

"आणि ज्यांना थांब म्हणतेस त्या?"

"त्या मला शिव्या देतात."

तिची बसायची जागा म्हणजे तळघरातली जिन्याखालची खोली. खिडकी नाही. नेटची यंत्रं असलेलं एक लोखंडी कपाट, ते तापू नये म्हणून पंखा, आणि त्या पंख्याच्या वाऱ्यात उडणारे कागद दाबायला तिचा डबा. मोबाइलला तिथे रेंज येत नाही. डबा खायला वर गेली की कुणीतरी जिन्यातच गाठतं, "मॅडम, तिसऱ्या मजल्यावर नेट रांगतंय." सुट्टी मागितली की वसतिगृहाच्या मोठ्या बाई गोड हसून म्हणतात, "तुझ्याशिवाय कोण बघणार गं?" पहिली दोन वर्षं तिला ते कौतुक वाटायचं. भावजींना ताप आला तेव्हाही हेच ऐकलं, मग वाटेनासं झालं.

मागच्या वर्षी तिने एका मोठ्या कंपनीत अर्ज केला. तिथे हेच काम तिघंजण आळीपाळीने करणार होते. पगार थोडा कमीच, पण तिला त्याचं काही नव्हतं. "ताई, आपण उठून गेलो तरी काही बंद पडणार नाही अशी जागा हवी गं मला," म्हणाली. मुलाखत नेटवरून, कॅमेऱ्यासमोर. पहिली तारीख तिने वसतिगृहातल्या बिघाडापायी पुढे ढकलली होती. दुसरी आली ती नेमकी परीक्षेच्या दिवशी, सकाळी अकराला. सुट्टी मिळाली नाही. म्हणाली, तळघरातूनच देते, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. मी देवाला हात जोडले आणि तिला डबा दिला.

परीक्षेच्या दिवसाची तिची एक पद्धत आहे. एकशे अठरा मुली आपापल्या खोलीत लॅपटॉपवर पेपर देतात. प्रत्येक लॅपटॉपचा स्वतःचा एक नंबर असतो. ते नंबर यादीत घालायचे, यादीतल्यांना भरपूर नेट, बाकी सगळ्यांना नुसता निरोप जाईल इतकी बारीक धार. एका परीक्षेत एक मुलगी दारात रडत बसली म्हणून हिने तिचा फोन मोकळा केला, तर पाच मिनिटांत तीस जणी दारात, आणि दोघींचा पेपर अडकला. तेव्हापासून तिने आपल्यालाच आवर घातला. यादी लावली की नवा पासवर्ड मोठ्या बाईंनी टाकायचा आणि चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करून जवळ ठेवायचा. एक वाजेपर्यंत हिलाही काही बदलता येत नाही.

त्या दिवशी अकराला पाच कमी असताना तिने आपला लॅपटॉप उघडला. चित्र येईना. दहा दिवसांपूर्वी तो दुरुस्त करून आणला होता, त्यात नेटचा भाग बदलला, आणि त्याबरोबर त्याचा नंबरही बदलला होता. यादीत जुनाच नंबर. साऱ्या इमारतीचे नंबर तपासून घेतले आणि स्वतःचा मात्र जुन्या यादीतून जसाच्या तसा उतरवला! तिच्याच नेटने तिला परकी ठरवलं. तारेने जोडावं तर त्या पातळ लॅपटॉपला तार लावायची सोय नाही, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही. मोबाइल घेऊन वर जावं तर पेपर चालू असताना अर्धा तास यंत्रं सोडून जाता येत नाही.

धावत मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाकीट तिच्या हातात ठेवलं.

"बदल केला तर काय होईल?"

"सगळ्यांचं नेट मिनिटभर जाईल. ज्यांचा पेपर बंद पडेल त्यांना परत बसावं लागेल."

"सगळ्या एकशे अठरा?"

"किती ते सांगता येत नाही."

"मग तूच ठरव बाई. मी काही बोलणार नाही."

ती म्हणते, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. परतताना पहिल्या मजल्यावरून आली. नियमाप्रमाणे सगळी दारं वीतभर उघडी, आत खाली घातलेल्या माना. एक मुलगी ओठ हलवत काहीतरी मोजत होती. पाकीट न फोडता ही खाली आली.

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या माणसाचा चेहरा थिजलेला, आवाज तुकड्या तुकड्याने. त्याने विचारलं, पन्नास जण एकदम व्हिडिओ बघायला लागले तर काय कराल? नऊ वर्षं हेच तर करतेय ती! बोलायला लागली, पण तिकडे पोहोचलं काय तर "मी... आधी... मग". शेवटी लिहायला घेतलं. निरोप जाण्याइतकं नेट होतं. तीन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात तिकडूनच दोन ओळी आल्या. नेटवर्कचं काम मागणाऱ्याकडे निदान नेटवर्क असावं ही अपेक्षा होती. आपल्याला शुभेच्छा.

पेपर मात्र एकही अडला नाही. मोठ्या बाईंनी पाठ थोपटली आणि पुढच्या सहा परीक्षांच्या तारखा हातात दिल्या.

संध्याकाळी हे सगळं सांगून झाल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. "चुकलं का गं ताई माझं?"

"नाही," मी म्हटलं.

"फोडलं असतं तर?"

"तरी नाही."

"मग तुला विचारून काय उपयोग," म्हणाली, आणि उद्या लवकर जायचंय म्हणून कणीक मळायला बसली.