आबांचा तास

माझे वडील, आमचे आबा, मेंढपाळ. आष्टीच्या पुढे माळावर आमचं गाव आहे. आबांची हाळी अशी की ओढ्यापलीकडे चरणारा कळप माना वर करायचा, आणि माय चुलीपाशी म्हणायची, "आले बघ, तवा ठेव." त्याच गळ्यात कॅन्सर निघाला.

आधी नुसता आवाज बसला होता. आबांनी लवंग चघळली, हळदीचं दूध घेतलं आणि बिडीही चालूच ठेवली. पावसाळा सरून हिवाळा आला तरी आवाज सुटेना, तेव्हा मी हट्टानं दवाखान्यात नेलं. तिथून पुण्याला पाठवलं आणि तिथं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून आबा गळ्याला पुढून केलेल्या छिद्रातून श्वास घेतात. पुढे डॉक्टरांनी आत एक छोटी झडप बसवली. छिद्रावर अंगठा दाबला की त्यांना बोलता येतं. आवाज खरखरीत येतो, पण शब्द न् शब्द कळतो.

मी तालुक्यातल्याच एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात एक अबोल मुलगी होती. तिच्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि पुण्यात उपचार सुरू होते. एके दिवशी तिच्या बाकावरची मैत्रीण उठून मागे जाऊन बसली. मी तिला व्हरांड्यात बोलावून विचारलं.

"मॅडम, आजी म्हणली, तिच्या डब्यातलं खाऊ नको. लागण होती."

पोरगी दुष्ट नव्हती. घाबरलेली होती. मी दुसऱ्या दिवशी सगळा तास त्यावरच घेतला. पेशी म्हणजे काय, गाठ कशी होते, हा आजार एकापासून दुसऱ्याला का होत नाही, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मुलांनी नीट ऐकलं. बाकावरची ती जागा मात्र रिकामीच राहिली.

रविवारी गावी गेले तेव्हा आबांना हे सांगितलं. ते अंगणात लोकर कातरत होते. कातर खाली ठेवून त्यांनी गळ्यावर अंगठा धरला.

"मंग मला ने की तुज्या साळंत."

"तुम्हाला? आणि काय करणार?"

"बोलंन. मेंढरं ऐकत्यात, मंग पोरं कावून न्हाई ऐकणार?"

मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. त्या मुलीलाही आधी विचारलं. ती म्हणाली, "चालेल मॅडम, पण माझ्या आईचा विषय काढू नका."

आबा आले ते धोतर, पांढरा सदरा आणि लाल पटका अशा थाटात. गळ्यावर मायनं धुऊन दिलेलं पातळ फडकं होतं. खुर्ची दिली तर बसले नाहीत. अंगठा दाबून म्हणाले, "राम राम, पोरांनो."

तो आवाज ऐकून मागच्या बाकावरून एक मुलगा फिसकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, तोवर आबाही हसले. त्यांचे खांदे हलले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, पण आवाज काहीच आला नाही. मग म्हणाले, "बघितलं का? हसू येतंय, पण त्याचा आवाज येत न्हाई. तू हसलास ते बरं केलंस. माज्या वाटचं बी हास."

मग मात्र सगळा वर्गच हसला, आणि प्रश्न सुरू झाले.

"आजोबा, विहिरीत पवता येतं का?"

"न्हाई. पानी हितून सरळ छातीत जाईल. पवायची लई हौस व्हती मला. आता काठावर बसून नातवंडास्नी शिकवतो."

"वास येतो का?"

"लई कमी. वास नाकानं आत वढावा लागतो, माजा वारा तर हितून जातो. चहा गरम आसला तर फुकर बी मारता येत न्हाई. बशीत वततो, वाट बघतो."

"मेंढरं कशी हाकता?"

"शिट्टी बंद झाली, हाळी बंद झाली. पयल्यांदा कळप माज्याकडं बघंना. लई वाईट वाटलं. मंग टाळ्या वाजवून शिकवलं त्यास्नी. सा म्हयने लागले, पर शिकली."

त्या हसलेल्या मुलानं हात वर केला. "आजोबा, कॅन्सर झाला म्हणजे माणूस मरतोच ना?"

मी पुढे व्हायला निघाले होते. आबांनी डाव्या हातानं मला थांबवलं.

"काही मरत्यात. खोटं कशाला सांगू? माज्या शेजारच्या खाटंवरचा मानूस गेला. मी हाय. दवाखान्यात लवकर गेलं तर डाक्टरला काय तरी करता येतं. मी उशीर केला, म्हनून आवाज द्यावा लागला."

मग त्या मुलीनं हात वर केला. आम्ही तिच्याकडे बघायचंही टाळत होतो, आणि ती स्वतःच उभी राहिली.

"आजोबा, घरातल्यांनी काय करायचं असतं?"

आबा अंगठा दाबून सावकाश म्हणाले, "लोक घरी यायचे आन् मी म्होरं बसल्याला आसताना बायकूला इचारायचे, ह्यास्नी जेवान जातं का, झोप लागती का. जसा मी तितं न्हाईच. आरं, मला इचारा की! मी हाय ना हितं बसल्याला. आजारी मानसाला इचारावं. बोलावं. भांडावं बी. ही माजी पोरगी तवा रजा काढून घरी व्हती, माज्याशी रोज भांडायची, जेव म्हनून. तेवढं एकच पयल्यासारखं राहिलतं घरात."

मला खिडकीकडे तोंड करावं लागलं.

मुलगी खाली बसली नाही. तिनं सगळ्या वर्गाला स्वच्छ आवाजात सांगितलं, "माझ्या आईचे केस गेलेत. ती घराबाहेर येत नाही. कुणी आलं तर तिला बरं वाटेल." आईचा विषय नको म्हणणारी तीच मुलगी हे सांगत होती.

तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून पाहिलं. मागे गेलेली मैत्रीण आपलं दप्तर उचलून परत जुन्या जागी आली होती. दोघींचे डबे मध्ये उघडे होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर सात-आठ मुली आणि तो हसलेला मुलगा त्या मुलीच्या घरी गेले. मी सोबत नव्हते, मला हे तिच्या आईनंच नंतर सांगितलं. पोरं आत आली आणि सरळ तिच्यासमोर बसली. एकीनं विचारलं, "काकू, तुम्हाला आज कसं वाटतंय?" ती बाई मला म्हणाली, "मॅडम, एवढे पाव्हणे येऊन गेले, पर मला कुनीच न्हाई इचारलं असं." मग पोरांनी तिला अंगणात आणलं, बाजेवर बसवलं आणि अंधार पडेपर्यंत गप्पा मारल्या.

मी शिकवलेल्या मुलांतले काही नोकरीला लागले, काही बोर्डात चमकले. त्या शनिवारचं मोल मला त्याहून जास्त वाटतं.

आबांना आता आजूबाजूच्या शाळा बोलावतात. ते पटका बांधून, आरशात बघून निघतात. त्या मुलीची आई उपचार संपवून घरी आहे, तपासण्या चालू आहेत. पुढचं कुणालाच माहीत नाही, आणि ती तसं मोकळेपणानं सांगतेही.

परवा आबांची आणि तिची तपासणी एकाच दिवशी होती, म्हणून एकाच एसटीनं निघाले. मी स्टँडवर पोचवायला गेले होते. गाडीत गर्दी होती. आबा पायरीवर उभं राहून, गळ्यावर अंगठा धरून कंडक्टरला सांगत होते, "ताईला खिडकीची जागा द्या." कंडक्टरला पहिल्यांदा समजलं नाही. आबांनी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. सगळा स्टँड वळून बघायला लागला. मीही बघत होते, आणि शेजारच्या अनोळखी बाईला न विचारताच सांगून टाकलं, "ते माझे वडील आहेत."