शिमग्याच्या रजेचा डाव

हातातले तीन पत्ते तळव्याखाली झाकायचे, समोरच्याकडे जरा बघायचं आणि पत्ते पालथेच ढिगाखाली सरकवायचे. "पॅक," म्हणायचे दादा. काय टाकलं ते त्यांनी कधी कुणाला दाखवलं नाही. "पत्ता चांगला आला म्हनून खेळायचा नसतो रे. समोरचा मानूस बगायचा."

बिरवाडीत भाड्याच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो, एकाच कारखान्यातले. दादा कुडपणचे, सगळ्यांत वडील. सुट्टीच्या दुपारी तीन पत्तीचा डाव पडायचा, तोही काडेपेटीतल्या काड्यांवर. पैसे लावू द्यायचे नाहीत ते. पैसा आला की माणूस खोटं खेळतो, म्हणायचे. भोळाच माणूस. खोटं खेळायला पैसा कशाला लागतो?

बहुतेक वेळा तेच जिंकायचे आणि माझं डोकं फिरायचं. एकदा भांडी घासताना त्यांनी हळूच सांगितलं, "तुजा हात चांगला असला का तू उजवा कान खाजवतोस. मला कळतं. सोड ती सवय, नायतर हरशील." असलं गुपित कुणी फुकट देतं का? मी मान डोलावली. पुढेही चांगला हात आला की मुद्दाम कान खाजवत राहिलो आणि मुकाट्याने हरत राहिलो.

मग शिमगा आला. चौघांत एकालाच रजा, तुमचं तुम्ही ठरवा, असं साहेबांनी सांगितलं. दादांच्या घरी एकटी थकलेली आई. गावची पालखी दारात आली की खांदा द्यायला घरचा पुरुष लागतो. "आयनं सांगावा धाडलाय. पुढल्या शिमग्याचं काय खरं नाय म्हनते," दादा म्हणाले. बाकीच्या दोघांनी लगेच रजा सोडली. माझं घर पोलादपूरला, तिथे माझ्यावाचून काहीच अडलं नव्हतं. तरी मीच म्हणालो, डाव लावू, ज्याच्या काड्या आधी संपतील त्याची रजा गेली.

दादा हसले. "लाव."

माझ्या हातात दुर्री, पंजी आणि नव्वी. अगदी कचरा. मी काड्यांची मोठी रास पुढे सरकवली आणि उजवा कान खाजवला. पत्ते उघडायला लावायचे तर दादांना उरलेल्या सगळ्या काड्या घालाव्या लागल्या असत्या. त्यांनी आपले पत्ते बघितले, माझा कान बघितला. पुन्हा पत्ते बघितले.

"पॅक."

त्यांच्या उरलेल्या काड्या पुढच्या दोन डावांत संपल्या. ते चहा ठेवायला उठले, पण त्या डावानंतर पत्ते पिसायला गोळा करतानाच मी त्यांचे टाकलेले पत्ते हळूच उलटून बघितले होते. तीन राजे. त्यांच्यावर फक्त तीन एक्केच. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं.

रजेत मी नुसत्या झोपा काढल्या. कुडपणला म्हातारीने दारातून ओवाळलं आणि पालखी शेजाऱ्यांच्या खांद्यांवरून पुढे गेली. पाऊस लागायच्या आत म्हातारी वारली.

दादांनी नोकरी सोडली. त्यांची ट्रंक घेऊन महाडच्या स्टँडवर मीच गेलो. गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुज्याकडं काय व्हतं रे?"

"तीन एक्के," मी म्हणालो आणि कान खाजवला.

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल पडला. "मंग बरोबर टाकला मी. राजे व्हते माज्याकडं. लय दिस झोप नव्हती बग."

गाडी सुटायच्या आत ते खिडकीला डोकं टेकून झोपलेही होते.